निकोबार जिल्हा : कागदावर एक, पाण्यात तीन

नकाशेवाली

अंदमानावर या चर्चास्थळावर धाग्यांची कमी नाही. सेल्युलर जेल, हॅवलॉक, स्कूबा, 'पाच दिवसांत काय काय उरकेल', सगळं येऊन गेलंय. निकोबारवर मात्र शोधून एकही धागा सापडला नाही, म्हणून हा प्रपंच. मी तिथे गेलेले नाही आणि सहजासहजी जाताही येत नाही (का, ते पुढे येईलच), त्यामुळे प्रवासवर्णनाची अपेक्षा ठेवू नये. भूगोल आणि कारभार, एवढंच. ज्यांचं कुणी तिथे नोकरीला, नौदलात, हवाई दलात असेल त्यांनी भर घालावी.

आधी आकडे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या साधारण एक तृतीयांश. २०११च्या जनगणनेत माणसं ३६,८४२. चौरस किलोमीटरला वीस.

पण ही जमीन सलग नाही. लिटल अंदमान संपलं की जवळपास दीडशे किलोमीटरचा उघडा समुद्र आहे, टेन डिग्री चॅनेल. तो पार केला की पहिलं बेट कार निकोबार: सपाट, प्रवाळाचं, नारळांनी भरलेलं. त्याच्याखाली मधला पुंजका: चौरा, तेरेसा, बोम्पोका, कामोर्टा, नानकौरी, ट्रिंकेट, कच्छल. मग सोम्ब्रेरो चॅनेल, आणि पलीकडे लिटल निकोबार आणि ग्रेट निकोबार. ग्रेट निकोबारमध्ये डोंगर आहेत, माउंट थुलियर ६४२ मीटर, बारमाही नद्या आहेत, घनदाट सदाहरित जंगल आहे. त्याचं दक्षिण टोक म्हणजे इंदिरा पॉइंट, ६ अंश ४५ कला उत्तर. कन्याकुमारीपेक्षा चांगलं दीडशे किलोमीटर दक्षिणेला. भारताचं शेवटचं टोक कुठलं असं विचारलं की आपण शाळेतल्या सवयीनं कन्याकुमारी म्हणतो, तिथे 'मुख्य भूमीचं' हा शब्द जोडायचा राहून जातो. इंदिरा पॉइंटवरून सुमात्रा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. पोर्ट ब्लेअर पाचशेच्या वर.

(पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. मी सवयीनं जुनंच लिहिणार आहे, कृपया त्यावर धागा भरकटवू नये.)

आता मला ज्याचं नवल वाटतं ते. जिल्ह्याचं मुख्यालय कार निकोबारला. बेट फक्त १२७ चौरस किलोमीटरचं, पण जिल्ह्याची जवळजवळ निम्मी माणसं तिथे. उलट ग्रेट निकोबार एकटंच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त जमीन, आणि माणसं आठ हजारांच्या वर थोडी. माणसं एका टोकाला, जमीन दुसऱ्या टोकाला, मध्ये तीनशे किलोमीटर पाणी. जिल्ह्याच्या या दोन टोकांना जोडणारा रस्ता, पूल, रेल्वे असं काही असूच शकत नाही. जे काय ते बोट किंवा हेलिकॉप्टर.

हा स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट १९७४ ला. त्याआधी अख्खा द्वीपसमूह मिळून एकच जिल्हा होता. निकोबारचे तीन उपविभाग: कार निकोबार, नानकौरी (त्याचं ठाणं कामोर्टाला) आणि ग्रेट निकोबार (ठाणं कॅम्पबेल बेला). कलेक्टरला तिथे उपायुक्त म्हणतात, खाली दोन ठिकाणी सहायक आयुक्त. विधानसभा नाही. वर उपराज्यपाल, त्यांच्यावर थेट दिल्ली. न्यायालय म्हणाल तर कलकत्ता उच्च न्यायालय, त्याचं फिरतं पीठ पोर्ट ब्लेअरला बसतं. खासदार अख्ख्या केंद्रशासित प्रदेशाला मिळून एक.

माझं म्हणणं असं की हा जिल्हा फक्त कागदावर एक आहे. कारभाराच्या दृष्टीनं ते तीन वेगवेगळे जिल्हे आहेत, कायदेही सगळीकडे एकच लागत नाहीत, आणि तिघांना बांधणारी एकच गोष्ट आहे: पोर्ट ब्लेअरहून सुटणाऱ्या बोटीचं वेळापत्रक. बोला.

तिरफळ

वाचनखूण साठवली. मूळ प्रश्न: जाता का येत नाही? आपलाच देश ना?

नकाशेवाली

तिरफळ, देश आपलाच, पण जमीन राखीव. १९५६ साली राष्ट्रपतींनी काढलेला एक विनियम आहे, आदिम जमातींच्या संरक्षणाचा. केंद्रशासित प्रदेशासाठी राष्ट्रपती घटनेच्या २४०व्या कलमाखाली असे विनियम काढू शकतात. त्याखाली जवळपास सगळं निकोबार राखीव क्षेत्र आहे. बाहेरच्या माणसाला पासाशिवाय पाऊल टाकता येत नाही, जमीन घेता येत नाही, धंदाही करता येत नाही. पास मिळतो तो कामासाठी, नोकरीसाठी. 'बीच बघायचाय' हे कारण चालत नाही.

गंमत अशी की निकोबार घटनेच्या, आदिवासी भागांसाठीच्या पाचव्या अनुसूचीतही नाही आणि सहाव्यातही नाही. झारखंड, गडचिरोली, मेघालय या सगळ्यांच्या चर्चेत ज्या तरतुदी येतात त्या इथे लागू नाहीत. जे काही संरक्षण आहे ते या एका विनियमाच्या जिवावर.

ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर जो वसाहतीचा पट्टा आहे तो राखीव क्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे कॅम्पबेल बेची गोष्ट निराळी. तरी निघण्याआधी पोर्ट ब्लेअरच्या उपायुक्त कार्यालयात विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

चकली

लोकसंख्या माझ्या माहेरच्या तालुक्याच्या गावाएवढीसुद्धा नाही आणि उपविभाग तीन! 😀

वायुसुत

नकाशेवालीताई, धागा छान. हवाई दलातल्या नोकरीत कार निकोबारला होतो, त्सुनामीच्या बऱ्याच आधी. थोडी भर.

बेटाच्या नकाशावर गावांची नावं वाचा: मूस, सवाई, अरोंग, पेरका, मलाक्का, तमालू, किमूस, चकचुचा. ही सगळी किनाऱ्याला धरून गोल बसलेली, आतला भाग नारळ-सुपारीच्या बागा आणि जंगल. धावपट्टी मलाक्काच्या बाजूला, मूळची जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धात बांधून घेतलेली, अर्थात निकोबारी माणसांकडून राबवून. जपानी १९४२ ते १९४५ तिथे होते. त्या काळातले छळ म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले की आपल्या अंगावर काटा येतो, ते मात्र कालपरवाचं सांगावं तसं सांगतात.

जिल्हा मुख्यालय म्हणून डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी, एसटी स्टँड, चौकात पुतळा असं काही आणू नका. कचेऱ्या, शाळा, इस्पितळ, पोस्ट, सगळं एका ठिकाणी, आणि सगळे त्या जागेला नुसतं 'हेडक्वार्टर' म्हणतात. बोट लागते मूसच्या जेट्टीला. बोटीच्या दिवशी अख्खं बेट तिकडे. भाजीच्या टोपल्या, गॅसच्या टाक्या, कोंबड्यांचे खुराडे, कुणाचं तरी कपाट, पोर्ट ब्लेअरला शिकणारी पोरं, बाळंतपणाहून परतलेली बाई कडेवर गाठोडं घेऊन. आणि उलट दिशेनं खोबऱ्याची पोती. समुद्र खवळलेला असला की बोट बाहेरच डोलत राहते, माणसं जेट्टीवर ताटकळत. कधी कधी तशीच पुढे जाते. मग आपला कांदा कामोर्ट्याला.

कारभाराचं म्हणाल तर आम्हाला सरकार दोन दिसायची. एक उपायुक्तांचं, दुसरं कॅप्टनांचं. प्रत्येक गावात पहिला कॅप्टन, दुसरा, तिसरा. गावकरी निवडतात. एकाची डुकरं दुसऱ्याच्या बागेत शिरली, नारळावरून तंटा झाला, पोरांनी दारू पिऊन दंगा केला, यासाठी पोलिसात जाण्याआधी कॅप्टन. आमच्या युनिटचं गावाशी काही काम असलं की आधी कॅप्टनला भेटायचं असा शिरस्ता होता, आणि तो पाळला नाही तर कामाचं भजं व्हायचं.

सातबारा

वायुसुत, मग जमीन कुणाच्या नावावर? सातबारा असतो का? (नावाला जागून विचारतोय.)

वायुसुत

सातबारा नाही! जमीन तुहेतची. तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, दोन-तीन-चार पिढ्यांचं, कधी शंभराच्या वर माणसं. तुहेतचा एक प्रमुख. बागा, डुकरं, होडी, घर सगळं तुहेतचं. कुणाला कुठली झाडं तोडायला द्यायची, कुठे नवी बाग लावायची हे घरात ठरतं. लग्न होऊन मुलगा मुलीच्या घरी जाईल की मुलगी मुलाच्या, हेही कुठल्या तुहेतला माणसं हवीत त्यावर ठरताना पाहिलंय.

नकाशेवाली

याला जोडून. पंचायत राज निकोबारच्या राखीव भागात नाही. जिल्हा परिषदही नाही. अंदमानच्या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषदा आहेत, निकोबारला नाही. त्याऐवजी गावाचे कॅप्टन आणि बेटावर जमात परिषद. २००९च्या विनियमानं या परिषदांना कायद्यात जागा मिळाली. व्यवस्था त्याआधीचीच, कागद नंतरचा.

आणि त्याच जिल्ह्यात कॅम्पबेल बेच्या पट्ट्यात तीन ग्रामपंचायती आहेत: कॅम्पबेल बे, गोविंदनगर, लक्ष्मीनगर. एक पंचायत समिती. सरपंचांना तिथे प्रधान म्हणतात. म्हणजे एकाच बेटावर डोंगराच्या अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे जमात परिषद, आणि मधल्या जंगलात शॉम्पेन ही आदिम जमात, जिला यातलं काहीच लागू होत नाही. शॉम्पेन २०११च्या गणनेत २२९. त्यांचं बघायला अंदमान आदिम जनजाति विकास समिती. २०२४च्या लोकसभेला सात शॉम्पेनांनी पहिल्यांदा मत दिलं ते 'शॉम्पेन हट' नावाच्या मतदान केंद्रावर. म्हणून म्हटलं, कायदेही सगळीकडे एकच नाहीत.

कुंपणावरचा

वाचतोय. रोमँटिक न होता विचारतो. छत्तीस हजार माणसांसाठी उपायुक्त, एसपी, तीन उपविभाग, तोट्यातल्या बोटी, हेलिकॉप्टर. लक्षद्वीप बघा: जमीन ३२ चौरस किलोमीटर, लोक चौसष्ट हजार, एक जिल्हा आणि काम चाललंय. निकोबारची सगळी वस्ती दोन-तीन बेटांवर आणली तर शाळा, दवाखाने, वीज सगळं नीट देता येणार नाही का? खर्च कोण करतो? तुम्हीआम्हीच ना.

दर्यावर्दी काका

कुंपणावरचे, लक्षद्वीपची तुलना उलटी पडते. त्यांना चौसष्ट हजारांत स्वतःचा खासदार आहे. निकोबारला अंदमानच्या मतदारांबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि त्यात ते दहाला एकसुद्धा नाहीत. पहिल्या लोकसभेत बिशप जॉन रिचर्डसन होते, कार निकोबारचे, नव्या कराराचं निकोबारी भाषांतर करणारे. पण ते नामनियुक्त. १९६७ पासून तिथे निवडणूक सुरू झाली, आणि तेव्हापासून एकही निकोबारी लोकसभेत गेलेला नाही. गणितच तसं आहे.

माणसं हलवायचं म्हणाल तर ते करून झालंय, त्यावर कुणीतरी लिहीलच. मी बोटीपुरतं बोलतो, तीस वर्षं मर्चंट नेव्हीत घालवली.

पोर्ट ब्लेअर ते कार निकोबार पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे एक रात्र. तिथून मधली बेटं करत कॅम्पबेल बेला पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. बोटींचे कार्यक्रम पोर्ट ब्लेअरच्या 'डेली टेलिग्राम्स' या सरकारी दैनिकात छापून येतात, आणि तिथले लोक अग्रलेखाआधी ते वाचतात. बेटवासीयांना ओळखपत्रावर सवलतीचं भाडं. नैर्ऋत्य मोसमात टेन डिग्रीत बोट अशी लोळते की सराईत खलाशीही जेवणाच्या ताटाकडे पाठ करतो.

दुसरं, जेट्टी. बंदर म्हणावं अशी नैसर्गिक जागा मधल्या पुंजक्यात आहे. कामोर्टा, नानकौरी आणि ट्रिंकेटच्या मध्ये जे पाणी आहे ते हिंदी महासागरातल्या उत्तम आडोशांपैकी. म्हणून तर डेन्मार्कवाले १७५० च्या दशकापासून तिथे ठाण मांडायला बघत होते आणि हिवतापानं मरत होते. ऑस्ट्रियावाल्यांनीही एकदा नशीब आजमावलं. शेवटी इंग्रजांनी १८६९ मध्ये ताबा घेतला आणि कामोर्ट्याला कैद्यांची वसाहत काढली, ती १८८८ मध्ये गुंडाळली. पहिल्या महायुद्धात मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका एम्डेन आठवते? पिनांगवर जाण्याआधी तिनं कोळसा भरला तो याच नानकौरीच्या बंदरात, ऑक्टोबर १९१४. आज तिथे नौदलाचा आयएनएस कार्दीप हा तळ आहे. इतकं चांगलं बंदर असून जिल्ह्याचं मुख्यालय मात्र तिथे नाही, कारण माणसं कार निकोबारला. घोडं तिथेच पेंड खातं.

चकली

एम्डेनचं माहीत नव्हतं! काका, वेगळा धागा काढा.

घाटावरची

मी सहसा वाचनमात्र असते, पण कॅम्पबेल बेचं नाव आलं म्हणून लिहिते. माझे एक मामा तिथले. मामा मूळचे सातारा जिल्ह्यातले, फौजेतून निवृत्त झालेले.

१९६९ पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारवर वसवली, १९८० पर्यंत मिळून सुमारे ३३०. बहुतेक पंजाबचे, पण महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र इथलेही होते. हेतू उघड होता: मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी एवढं मोठं बेट मोकळं राहू नये. फौजी माणूस म्हणजे नांगरही धरेल आणि वेळ आली तर बंदूकही, असा हिशेब. जंगल तोडून जमीन दिली, किनाऱ्यानं गावं बसवली: गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. एक रस्ता दक्षिणेला इंदिरा पॉइंटकडे, एक पश्चिमेला जंगलातून.

मामी सांगायची, पहिली काही वर्षं भात लावायचं आणि माकडांसाठी रात्रंदिवस राखण करायची. तिथली माकडं खेकडे खातात, पण म्हणून भात सोडत नाहीत. शेजारीण पंजाबी, पलीकडची तेलुगू. मामीची भाकरी शेजारणीच्या तंदुरात आणि शेजारणीचा साग मामीच्या चुलीवर. भावंडं घरात मराठी, गल्लीत पंजाबी मिसळलेली हिंदी बोलत मोठी झाली. पहाटे पाच-सव्वापाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी त्याच सुमारास मावळायला लागतं, घड्याळ मात्र आपलंच. मामा म्हणायचे, सरकारी कचेरी उघडेपर्यंत आमचा अर्धा दिवस झालेला असतो.

२००४ नंतर किनाऱ्याची शेतं खारी झाली, काही कायमची पाण्यात गेली. शास्त्रीनगरच्या पुढचा रस्ता समुद्रानं खाल्ला. मामांना वर कॅम्पबेल बेकडे घर मिळालं. पत्र्याचं छप्पर, खांबांवरचं. एका नातेवाइकाची जमिनीच्या बदल्यात जमिनीची फाइल मात्र वर्षानुवर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. टेबलावरचा साहेब दर वेळी नवा, कारण बदली होऊन येणारा माणूस मुख्य भूमीवरचा आणि परतीच्या बदलीचे दिवस मोजणारा.

सातबारा

+१. ही बदलीची गोष्ट आमच्या गडचिरोलीतही अशीच. पण तिथे निदान रात्रीची बस मिळते.

नकाशेवाली

घाटावरची, लिहीत राहा, असा प्रतिसाद दुसरीकडे मिळत नाही.

त्सुनामीचं. कुंपणावरचे म्हणाले 'वस्ती दोन-तीन बेटांवर आणावी', त्याचं उत्तरही यातच आहे.

२६ डिसेंबर २००४. भूकंपाचं केंद्र सुमात्राजवळ, म्हणजे निकोबार अगदी तोंडावर. लाट आली ती आलीच, शिवाय जमीनच खचली. इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला, दीपगृह पाण्यात उभं राहिलं. ट्रिंकेट फुटून त्याचे तुकडे झाले. कच्छलची हानी सगळ्यांत भीषण. दोन्ही द्वीपसमूहांत मिळून मृत आणि बेपत्ता साडेतीन हजारांच्या घरात, त्यातले बहुतेक निकोबारातले. कार निकोबारचा हवाई तळ वाहून गेला, शंभरावर जवान आणि त्यांच्या घरचे गेले. जनगणनेत ते सरळ दिसतं: २००१ मध्ये जिल्ह्यात ४२,०६८ माणसं होती, २०११ मध्ये ३६,८४२. नैसर्गिक वाढ धरून हे आहे, हे लक्षात घ्या.

मग सरकारनं वस्ती हलवली. ट्रिंकेटची माणसं कामोर्ट्याला. ग्रेट निकोबारच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारी गावांची माणसं, पुलो बाहा, कोकिऑन, चिंगेन वगैरे, कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेनमध्ये. छावण्या तात्पुरत्या म्हणून. ती माणसं अजून तिथेच आहेत आणि 'आमच्या गावी परत जाऊ द्या' असं सांगून थकली आहेत. बागा तिकडे, होड्या लावायच्या खाड्या तिकडे, पूर्वजांच्या जागा तिकडे, आणि इकडे मोलमजुरी.

घरांचंही तसंच. मदत आली ती छोट्या कुटुंबाच्या मापानं: नवरा, बायको, मुलं, एक घर. तुहेत नावाचा कागद कुणाच्या फायलीत नव्हता. वायुसुत म्हणतात ते शंभर माणसांचं एकत्र घर नवरा-बायको-पोरं अशा पंचवीस खोक्यांत वाटलं गेलं. बँकेत नुकसानभरपाई आली ती पुरुषाच्या नावे. खर्च वाचवायचा म्हणून वस्ती गोळा करायची कल्पना या जिल्ह्यात एकदा अमलात आली आहे, फक्त तिला पुनर्वसन म्हणत होते.

वायुसुत

तळावरच्या त्या सकाळबद्दल मी लिहू शकणार नाही. बरेच ओळखीचे होते. घरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर. जुनी गोल छपराची, घुमटासारखी घरं खांबांवर असत, खाली मोकळी हवा, वर गवती छप्पर. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही.

तिरफळ

मधल्या बेटांवर कुणीच काही लिहिलं नाही. चौराची मडकी हा काय प्रकार आहे? कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

दर्यावर्दी काका

चौरा जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, दाट वस्तीचं, पाण्याची टंचाई असलेलं बेट. पूर्वी मडकी घडवण्याचा मान फक्त चौराच्या बायकांचा, इतर बेटांनी ती चौराकडूनच घ्यायची असा दंडक. आणि माती? माती चौरावर नाहीच, ती तेरेसाहून होडीनं आणायची. बदल्यात होड्या, डुकरं, इतर माल. सरकारी उपविभाग निघायच्या कितीतरी आधी या बेटांचे एकमेकांशी बांधलेले व्यवहार होते. तेरेसाला माती आहे म्हणून तेरेसानं मडकी केली नाहीत. असा करार आपल्या दोन शेजारी ग्रामपंचायतींत लिहून दाखवा बरं!

कुंपणावरचा

पुनर्वसनाचा मुद्दा मान्य, त्यावर वाद घालत नाही. पण मग ग्रेट निकोबारचा प्रकल्प? बहात्तर हजार कोटींचं बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प, नवं शहर. सिंगापूर आणि कोलंबोला जाणारे आपले कंटेनर आपल्याच बंदरात उतरले तर वाईट काय? मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडावर चीनची वर्दळ वाढतेय. घाटावरचीच्या मामांना १९६९ मध्ये ज्या कारणानं नेलं तेच कारण आज आहे. आणि तिथल्या पोरांना रोजगार नको?

घाटावरची

माझे मामेभाऊ याच्या बाजूनं आहेत. रस्ता होईल, इस्पितळ होईल, जमिनीला भाव येईल. मामा असते तर काय म्हणाले असते सांगता येत नाही.

नकाशेवाली

कुंपणावरचे, सामरिक मुद्दा हलका नाही. तिथे नौदलाचा आयएनएस बाझ हा हवाई तळ २०१२ पासून आहेच, तो वाढवायला कुणी विरोध करत नाही. मी कारभाराच्या धाग्यात कारभाराचंच बोलते.

प्रकल्पाचं क्षेत्र १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं १३० च्या वर जंगल वळवलं जाणार. बंदर गॅलेथिया उपसागरात, जिथे लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. ते अभयारण्य होतं, जानेवारी २०२१ मध्ये त्याची अधिसूचना काढून घेतली. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०२२. जंगलाची भरपाई म्हणून झाडं लावायची ती हरियाणात! सदाहरित विषुववृत्तीय जंगलाच्या बदल्यात अरवली.

आता कागद कसे हलले ते बघा. राखीव क्षेत्र कमी करायचं तर जमात परिषदेची संमती हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेनं ना-हरकत दिली. त्याच महिन्यात जिल्हा प्रशासनानं प्रमाणपत्र दिलं की वनहक्क कायद्याखालचे सगळे हक्क निकाली काढले आहेत. नोव्हेंबरमध्ये परिषदेनं ना-हरकत मागे घेतली, म्हणाली की ही जी 'रिकामी' जमीन आहे त्यात आमची त्सुनामीआधीची गावं आहेत हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. म्हणजे २००४ मध्ये ज्यांना तात्पुरतं हलवलं त्यांची मूळ जागा अठरा वर्षांनी नकाशावर निर्जन दिसायला लागली, आणि ती निर्जन आहे कारण त्यांना परत जाऊ दिलं नाही.

तुमच्या बंदराला माझा विरोध आहे की नाही ते बाजूला ठेवा. संमती घेणारा अधिकारी, हक्क निकाली निघाले म्हणणारा अधिकारी आणि त्या लोकांचं रक्षण करणारा अधिकारी हे एकाच कचेरीत बसतात. जिल्हा परिषद नाही, आमदार नाही, खासदार वाटून घेतलेला. अडवणार कोण? न्यायालयात जाणारे लोकही मुख्य भूमीवरचे आहेत.

कुंपणावरचा

हा मुद्दा पटतो. बंदर हवंच या मतावर मी आहे, पण ना-हरकत मागे घेतली तर ती मागे घेतली असं धरलं पाहिजे.

सातबारा

त्यात वनहक्क कायदा आहे. ग्रामसभेची संमती. आमच्याकडे मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले ते २००९ मध्ये, तेही भांडून. पण ग्रामसभा तरी होती. जिथे शॉम्पेनांशी बोलायला दुभाषी लागतो तिथे ग्रामसभा घेणार कोण आणि ठराव लिहिणार कुठल्या भाषेत?

दर्यावर्दी काका

अंक आणि शिक्का इंग्रजीत, सातबारा. तेवढं नक्की.

चकली

एक शंका. लिटल निकोबार कुणाच्या हद्दीत? त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तिथल्या माणसाला साधा दाखला हवा असेल तर काय करतो?

नकाशेवाली

चकली, ते ग्रेट निकोबार उपविभागात, ठाणं कॅम्पबेल बे. बेट १५९ चौरस किलोमीटर, वस्ती काहीशेंची, मकाचुआ, पुलो पांजा अशी किनाऱ्यावरची छोटी गावं आणि शेजारचं चिमुकलं पुलो मिलो. मेरो आणि मेंचाल ही निर्जन बेटंही हेच लोक आपली मानतात. तिथून किती नारळ, किती कासवं, कधी, हे त्यांचे नियम. २०२२ मध्ये प्रशासनानं मेरोवर प्रवाळांचं आणि मेंचालवर मेगापोड पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलं, लिटल निकोबारच्या किनाऱ्यावर लेदरबॅकचं. गॅलेथियात जे जाणार त्याची ही भरपाई. पुलो मिलोचे लोक म्हणाले, आम्हाला विचारलं नाही.

दाखल्याचं उत्तर: सेंट जॉर्ज चॅनेल ओलांडून कॅम्पबेल बे. सरकारी बोटीची वाट बघायची, नाहीतर इंजिनाची होडी काढायची आणि डिझेलचे पैसे आपले. सही करणारा साहेब पोर्ट ब्लेअरला मीटिंगला गेलेला असेल तर मुक्काम करायचा, किंवा परत यायचं आणि पुन्हा डिझेल भरायचं.